खिम्याची करंजी कोणत्या वर्गात

सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास पुरवठा खात्याचे इन्स्पेक्टर गोरक्षनाथ शेळके आमोस मास्तरांच्या अंगणात येऊन उभे राहिले, आणि पोळपाटांभोवती बसलेल्या सात बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या मरियाचं लग्न होतं. साल शेहेचाळीस. धान्य रेशनवर, आणि पन्नासांहून जास्त माणसांना जेवण घालायला बंदी. चहा-फराळाला मात्र बंदी नव्हती. नेवाशाकडचे सोयरे धरून दोनशे माणूस येणार होतं. बैलगाड्या जोडून आलेल्या माणसांना पाण्यावर परत कसं पाठवायचं? म्हणून चर्चच्या मंडळीतल्या बायकांनीच तोड काढली होती. ज्याच्या त्याच्या रेशनातून वाटी-वाटी कणीक बाजूला ठेवायची, खिम्याच्या करंज्या करायच्या आणि चहाबरोबर प्रत्येकाच्या हातात दोन-दोन द्यायच्या. करंजी म्हणजे फराळ. यात कुणाला शंका येईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"मास्तर, दोनशे माणसांचं जेवण करताय म्हणे," शेळके म्हणाले.

"जेवण नाही साहेब. फराळ. चहा आणि करंजी."

"करंजीत काय?"

"खिमा."

"म्हणजे पोळी आणि मटण. घडी घालून कडा चिमटल्या म्हणून त्याचा फराळ होतो होय?"

मास्तरांची धाकटी बहीण दीना ओट्यावर बसून कडा चिमटत होती. ती मिशनच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवी. पुण्याहून बी.एस्सी. होऊन आलेली, बोलायला कमी. तिनं करंजी खाली ठेवली आणि पहिला विचार केला तो हा, की यांना सांगितलं कुणी?

गेल्या आठवड्यात मुबारकबी मोठी कढई द्यायला आली होती. बोळाच्या तोंडाशी फक्रुद्दीनची पावाची भट्टी होती, त्याची ही बायको. कढई टेकवून ती गेली नव्हती. दाराला टेकून उभी राहिली होती आणि दोनदा विचारलं होतं, "माणूस किती येनार?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाच दीनाला ते खटकलं होतं. कढई देणाऱ्याला माणसं कशाला मोजायची?

आणि आता तीच मुबारकबी फाटकाशी उभी होती. इन्स्पेक्टरच्या पाठोपाठ आली की आधीपासूनच होती, ते दीनाला सांगता आलं नसतं.

इकडे अंगणात वाद पेटला होता. मास्तरांच्या बायकोनं, रतनबाईनं, लाटणं हातात घेऊनच तोंड उघडलं. "सारण भरलं की जेवण, असं म्हणणं आहे का साहेबांचं? मग दिवाळीची करंजी काय?"

"ती गोड. गोड म्हणजे फराळ."

"पुरणपोळी गोडच असते की!"

"पुरणपोळी पानात वाढतात. ते जेवण."

"आणि मोदक?"

"मोदक... मोदक नैवेद्य."

बायका हसल्या. शेळके हसले नाहीत. म्हातारी झुंबरबाई म्हणाली, "साहेब, नागपंचमीची दिंडं घ्या. आमच्या शेजारनी करत्यात. पुरनच भरायचं, पन तळायचं न्हाई, वाफवायचं. मंग ते काय म्हनायचं? आन् आपल्या मिशनच्या बंगल्यातल्या मिस सायेब, त्या आधी चीनला हुत्या. तिकडं म्हनं मोदकातच मटन भरत्यात आन् वाफवून चहासंगं खात्यात. चहासंगं!"

"चीनचा कायदा चीनमध्ये," शेळके म्हणाले. "सामोसा म्हणाल तर फराळ, मी मानतो. बोटभर असतो. तुमची ही करंजी तळहाताएवढी आहे."

"म्हंजी मापाचा कायदा हाय व्हय?" झुंबरबाईनं विचारलं.

"कायदा माझ्या मनचा नाही, आजी." शेळक्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "शास्त्र शिकलेल्या माणसानं ठरवलेलं आहे. हे बघा."

कागद उलगडला तशी दीना ओट्यावरून उठून पुढं आली. तो तिच्याच वर्गातला होता.

उन्हाळ्यात गावाबाहेर सावेडीच्या माळावर एक फूल मिळेना. वनस्पती कशा ओळखायच्या, एकेक प्रश्न विचारत दोन-दोन वाटांनी नावापर्यंत कसं पोचायचं, हे मुलींना शिकवायचं तर हातात काहीतरी हवं. म्हणून दीनानं मुलींना आपापल्या घरचे सारण भरलेले पदार्थ सांगायला लावले होते. पहिला प्रश्न, कडा मिटलेल्या की उघड्या? दुसरा, सारण गोड की तिखट? तिसरा, तळलेलं की न तळलेलं? चौथा प्रश्न तिनं स्वतः घातला होता आणि मुली फार हसल्या होत्या. दोन खाल्ल्यावर त्या वेळचं जेवण लागतं की नाही? लागत असेल तर फराळ, लागत नसेल तर जेवण. त्या वाटेनं गेल्यावर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : खिम्याची करंजी, जेवण. आणि त्याच्यापुढे तांबड्या शाईत तिची स्वतःची खूण. बरोबर.

कागद वर्गातल्या सुंदराच्या वहीतला होता. सुंदराचा बाप पुरवठा कचेरीत कारकून. त्यानं मुलीचा अभ्यास कौतुकानं कचेरीत दाखवला असेल, आणि लग्नात खिम्याच्या करंज्या आहेत हे तर साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. कुणी चहाडी केलीच नव्हती. केली असेल तर तिच्याच तांबड्या शाईनं.

रतनबाईनं तांबड्या शाईतली खूण ओळखली. तिनं कागदाकडे पाहिलं आणि मग नणंदेकडे. "वन्सं, हे तुमचं?"

"हो."

"नेवाशाची सोयरीक तुम्हाला पहिल्यापासून पसंत नव्हती."

"वहिनी, त्याचा आणि याचा काही संबंध नाही."

"कागद त्यांच्या खिशात आपला आपण चालत गेला का मग?"

सातही बायका आता दीनाकडे पाहत होत्या. घटकाभरापूर्वी आपण मुबारकबीकडे ज्या नजरेनं पाहिलं ती हीच, हे दीनाला कळलं. नजर अंगावर घेणं पाहण्यापेक्षा पुष्कळ जड होतं.

आमोस मास्तर जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "दीना, चूक झाली म्हण. तपासताना नजरचूक झाली. एवढंच म्हण बाई."

"चूक नाही ना दादा. त्या मुलीच्या घरी ताटलीएवढी करंजी करतात. दोन खाल्ल्यावर कोण जेवेल?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. शेळक्यांनी कागदाची घडी घातली. "बाईंनीच सांगितलं. आता मास्तर, तुम्ही ठरवा. पन्नास माणूस बोलवा, नाहीतर मला हे पीठ उचलावं लागेल. तुम्ही सरकारमान्य शाळेचे मास्तर. प्रकरण पुढं गेलं तर नोकरीवर येईल, हे मी सांगायला नको."

"थांबा," दीना म्हणाली. "कागदात माप लिहिलेलं नाही. ती माझी चूक, आणि ती मी मान्य करते. नमुना बदलला तर उत्तरही बदलतं. वहिनी, दुधाच्या डब्याचं झाकण द्या."

तिनं लाटलेल्या पोळीवर झाकण दाबलं, छोटी चकती काढली, चमचाभर खिमा भरला, कडा चिमटल्या. दुसरी केली. कढईत तळून दोन्ही ताटलीत ठेवून शेळक्यांसमोर धरल्या. "आता चौथा प्रश्न विचारा. या दोन खा आणि जेवण लागतं का ते सांगा."

शेळके दोन पावलं मागे सरले. "मी खाणार नाही. उद्या कुणी म्हणेल, शेळक्यानं करंज्या खाऊन परवानगी दिली."

"मग आमी खातो," झुंबरबाई म्हणाली.

"तुम्ही घरच्या. तुमचं काय धरायचं?"

"मी खाते की." फाटकातून मुबारकबी आत आली. "मी न्हाई घरची. माजी कढई हाय, ती बघाया आल्ते. मटन बी आमच्या अल्लाबक्षच्या दुकानचं हाय, मला चालतंय."

दीनाला नको होतं. ही बाई माणसं का मोजत होती ते अजून उलगडलं नव्हतं. "पोट भरलं" एवढं ती म्हणाली की संपलं. पण शेळक्यांनी मान डोलावली होती.

मुबारकबीनं उभ्यानंच दोन्ही करंज्या खाल्ल्या, बोटं पुसली. सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडाकडे.

"काय?" शेळक्यांनी विचारलं.

"भूक तर आत्ता कुठं लागली, सायेब. दाढंखाली बी गेलं न्हाई."

"असं कुणीही म्हणेल. शेजारधर्म असतो. भाकरी आणा. माझ्यासमोर जेवू द्या."

रतनबाईनं ज्वारीची अख्खी भाकरी आणि वाटीभर कालवण आणलं. मुबारकबी मांडी घालून बसली. पहिला अर्धा भाग भराभर गेला. मग घास लहान होऊ लागले. दीना नमुन्याकडे पाहावं तशी पाहत होती, आणि तिला दोन गोष्टी दिसल्या. मुबारकबीच्या नखांत हळद होती, ती या कालवणाला हात लावण्याआधीच होती. आणि प्रत्येक घासाबरोबर ती पाणी पीत होती. उपाशी माणूस जेवणाच्या मध्यात एवढं पाणी पीत नाही.

ही जेवून आली आहे.

प्रयोग फसलेला होता. वर्गात एखादीनं असा प्रयोग केला असता तर दीनानं तो पुन्हा करायला लावला असता. तिनं शेळक्यांकडे पाहिलं. ते मुबारकबीचं जेवण एकटक पाहत होते. त्यांना हळद दिसली होती की नव्हती? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. बोलायचं असेल तर आताच बोलायला हवं होतं. दीनानं पाण्याचा तांब्या मुबारकबीच्या जवळ सरकवला.

शेवटचा तुकडा वाटी पुसून तोंडात गेला. "आनखी हाय का?" मुबारकबीनं विचारलं. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"पुरे," शेळके म्हणाले. त्यांनी कागद उलगडला, शेवटच्या ओळीखाली पेन्सिलनं लिहिलं : डब्याच्या झाकणाएवढी, फराळ. "याच मापाची. एकही मोठी दिसली तर मी ओळख ठेवणार नाही." निघताना फाटकाशी ते थांबले, मुबारकबीकडे वळून पाहिलं आणि चप्पल झटकून निघून गेले.

बायकांनी मोठ्या करंज्या उलगडायला घेतल्या. खिमा एकीकडे, कणीक एकीकडे, पुन्हा मळायची, पुन्हा लाटायची. रतनबाई झाकण दाबत होती. नणंदेकडे न पाहता म्हणाली, "वन्सं, कडा तुम्हीच चिमटा. तुमची सुटत नाही."

मुबारकबी अजून खालीच बसली होती. दीना तिच्यापाशी गेली. "तुम्ही जेवून आला होता."

"बाराला जेवले. वांगं आन् भात. लई जेवले." तिनं पोटावरून हात फिरवला. "आता उटवंना गं, दीनाबाई. हात दे."

दीनानं हात दिला, पण ओढला नाही. "त्या दिवशी माणसं किती येणार ते का विचारत होता?"

"दोनशे मानसाला एक कढई पुरती का? दुसरी मागावी लागंल आमच्या भावजयीकडून. तिच्याशी माजं बोलनं न्हाई. म्हनून इचारत हुते, खरंच लागती का." ती दीनाच्या तोंडाकडे पाहू लागली. "का गं? तुला काय वाटलं?"

दोन्ही हातांनी धरून दीनानं मुबारकबीला उठवून उभं केलं.