सोन्याच्या टोकांची वायर

माझे बाबा, केसरीनाथ, काही महाग घेऊन आले की आधी त्याचं खोकं ओटीवर ठेवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. माझ्या धाकट्या बहिणीची, मेघालीची, हळद तोंडावर आलेली आणि ओटीवर खोकं कसलं, तर टीव्हीच्या वायरचं! वायर हातभर, टोकं सोनेरी आणि किंमत ऐकून आईने कपाळाला हात लावला.

टीव्ही आक्कासाठी होता. आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्या वळ गावात हळदीला धवले गायचे ते तिनेच. हळद लावताना वेगळं गाणं, आंघोळ घालताना वेगळं. तिच्या आवाजाशिवाय आमच्या घरातली एकही नवरी हळदीला बसलेली नाही. आता मात्र मांडीचं हाड मोडून ती वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत पडून होती. खिडकीतून दिसायचं ते नुसतं मांडवाचं छत.

"माईक द्या, मी हितूनच गाईन," आक्का म्हणाली. "पर पोरीला हलद लागताना मना दिसली पायजे. न दिसता काय गाऊ?"

म्हणजे मांडवातला कॅमेरा आक्काच्या टीव्हीला जोडायचा होता. हे काम मृणालीवहिनीचं. गावातल्या क्रिकेटच्या सामन्यांचं लाइव्ह तीच करते.

बाबांनी आधीच सोनेरी वायर टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला लावली होती. "बग, रंग कसा उठलाय!"

वहिनीने आक्काला वायर बदलेपर्यंत डोळे मिटायला सांगितले. एकदा बॉक्सबरोबर आलेली साधी वायर लावली, एकदा सोनेरी, आणि दोन्ही वेळा डोळे उघडायला लावून विचारलं, चित्र कसं दिसतं?

"तीच बाय, तीच साडी," आक्का म्हणाली. "दोनी सारकंच हाय."

आक्का अजून चष्म्याशिवाय तांदूळ निवडते, तेव्हा बाबांना वाद घालायची सोय नव्हती. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"बाबा, एवढ्याशा अंतराला साधीच पुरते," वहिनी म्हणाली. "सोन्याने चित्र उजळत नाही. खरी अडचण पुढे आहे."

तिने आपली नेहमीची लांब वायर मांडवातून वर आणली. पडदा लुकलुकला आणि काळा झाला. मग मोबाइलवरून लाइव्ह करून पाहिलं. वहिनीने मांडवात टाळी वाजवली, ती मी खिडकीतून ऐकली. वहिनी जिना चढून खोलीत आली, तेव्हा कुठे टीव्हीतली वहिनी टाळी वाजवत होती.

आक्का घाबरली. "आंगोल झाल्यावर मी हलद लावायचं गानं गाऊ काय?"

"नाही आक्का. लांबच्या अंतराची वायर मिळते, आतून काचेच्या तंतूची. ती महाग असते आणि इथे महागच घ्यायची. बाबा, ती सोनेरी बदलून आणाल?"

वहिनीचं मला हेच फार आवडतं. ती बाबांची चूक दाखवते, पण त्यांची हौस मारत नाही. बाबा लगेच गाडी काढून गेले. संध्याकाळी ओटीवर नवीन खोकं होतं.

हळदीच्या दिवशी, एरवी बेंजो सुरू झाला की पहिले नाचणारे बाबा, दारात खुर्ची टाकून बसले. तिथूनच वायर जात होती. "वायर हाय, वायर हाय! पाय उचला!" हाच त्यांचा नाच.

मी आक्काजवळ होते. तिच्या हट्टापायी हळदीची एक वाटी वर आणली होती. बेंजो थांबला. टीव्हीवर आईचं बोट मेघालीच्या गालाला लागलं, त्याच क्षणी आक्काने सूर लावला आणि तो खाली मांडवात वाजला. मेघालीने दचकून वर पाहिलं, थेट कॅमेऱ्यात, आणि तिला रडू फुटलं. मलाही.

आक्काने गाणं तोडलं नाही. गाता गाताच वाटीत बोटं बुडवली, पलंगाशी ओढलेल्या टीव्हीकडे हात नेला आणि मेघालीच्या दोन्ही गालांना हळद लावली.

मेघाली सासरी गेल्यावर आई फडकं घेऊन टीव्ही पुसायला आली. बाबा तिच्यावर ओरडले, "ऱ्हाऊ दे ती हलद!"

आता आमच्याकडे बातम्या सांगणाऱ्या बाईच्याही गालांना हळद असते. पाहुणे आले की बाबा त्यांना वर नेऊन तेवढंच दाखवतात. खोकं कुठे गेलं, कुणाला आठवत नाही.