एका भोकाची कारवाई

मित्रांनो, ओळख करून द्यायची तर मी घण. नगरपालिकेच्या अतिक्रमण विभागाचा, बराच जुना आणि सध्या डोक्यात राख घातलेला. वय झाले की माणसे निवळतात म्हणे. माझे डोके लोखंडाचे आहे, ते एकदा तापले की लवकर निवत नाही. ते का तापले, हेच आज मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. लालबुंद लोखंड ऐरणीवर ठोकून त्याने मला आकार दिला, पाण्यात बुडवून पक्के केले आणि लांब लाकडी दांडा बसवला. त्याच्या बायकोने मला जेमतेम उचलून पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर सगळं पाडून ठेवील!" ते ऐकून माझी छाती फुगली होती. जे पाडायला हवे तेच आपल्याला पाडायला लावतील, असे मला तेव्हा वाटायचे. लहानपणी सगळेच भोळे असतात.

नगरपालिकेत आल्यावर माझा दांडा पैलवानाच्या हाती गेला. पैलवान अंगाने काडीसारखा होता, म्हणून तर त्याला पैलवान म्हणत. पण त्याचा घाव नेमका बसायचा. एकदा एका व्यापाऱ्याने गटारावरच गोदामाची भिंत उठवली होती आणि सांडपाणी मागच्या घरांत शिरत होते. आम्ही ती भिंत मुळापासून उखडली. तुंबलेले पाणी खळाळत निघाले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि एका आजीबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

परवानगी म्हणजे उगाच कटकट, असे तुम्हाला वाटत असेल. तसे नाही. पाया भार पेलेल का, शेजाऱ्याचा उजेड अडणार नाही ना, आग लागली तर बंब आत शिरेल का, हे बांधण्याआधी कोणीतरी पाहावे, एवढ्यासाठी ती असते. चांगली गोष्ट आहे. ती राबवणाऱ्यांचे काय करायचे, ते मात्र मला अजून कळलेले नाही.

एका अरुंद गल्लीत एक शिवणकाम करणारी ताई राहायची. घरात ती आणि तिचे वडील, दोघेच. वडिलांनी जन्मभर घड्याळे दुरुस्त केली होती. आता पाय गेले होते, म्हणून चाकांच्या खुर्चीत बसून असत. त्यांच्या शेजारी एक लॉज होता. लॉजच्या मालकाने परवानगी न घेता वर आणखी दोन मजले चढवले. ताईच्या खिडकीचा उजेड गेला, भिंतीला तडा गेला, तेव्हा तिने तक्रार केली. आमचे पथक निघाले आणि मी खूश झालो. म्हटले, आज जोर लावायचा.

तिथे पोहोचलो तर मालकाने खुर्च्या मांडून ठेवलेल्या. आमच्या पथकाच्या साहेबांना चहा आला. मग मालक स्वतः आम्हाला वर घेऊन गेला आणि नव्या स्लॅबवर खडूने एक गोल काढून म्हणाला, "इथे मारा. इथे खाली बीम नाहीये, पटकन होईल."

पैलवानाने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी मान हलवली. आम्ही त्या गोलात भोक पाडले, सळया कापल्या, साहेबांनी फोटो काढला आणि कारवाई संपली. हो, संपली! स्लॅबला एक भोक पाडायचे आणि कागदावर बांधकाम पाडले असे लिहायचे, ही आमच्या विभागाची जुनी रीत आहे. खाली ताई उभी होती.

"एवढंच? बाकीचं कधी पाडणार?" तिने विचारले.

"भोक पाडलंय ना ताई. आता तो मजला वापरता येत नाही," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

थोड्याच दिवसांत त्या मजल्यावर पाहुणे राहायला आले. ताईने पुन्हा तक्रार केली, आम्ही पुन्हा गेलो. आमच्या भोकातून पाण्याचे पाइप वर गेले होते. मालक हसत म्हणाला, "तुमचं भोक अगदी मापात बसलं बघा साहेब. नाहीतर मला मिस्त्री बोलवावा लागला असता." साहेबही हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, हे मला ठाऊक आहे, पण गेली. सरकारी घणाने त्या माणसाचे फुकट काम करून दिले होते आणि आम्ही मूग गिळून परतलो.

गप्प बसेल तो मालक कसला? ताईची खोड मोडायचीच, असे त्याने मनात घेतले. तिच्या घराचे जोते गुडघाभर उंच होते. वडिलांची खुर्ची खाली उतरावी, म्हणून तिने दारापुढे सिमेंटचा छोटा उतार बांधून घेतला होता. बांधण्याआधी ती नगरपालिकेच्या खिडकीवर विचारायला गेली होती. आतल्या माणसाने मान वर न करता सांगितले होते, "एवढ्याशा उताराला कसली परवानगी? खुशाल बांधा." त्या उतारावरून तिचे वडील, म्हणजे गल्लीचे आजोबा, रोज सकाळी कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानात जात. ते दुकान त्यांच्याच शिष्याचे होते. भिंग डोळ्याला लावून ते एखादे बिघडलेले घड्याळ उघडत आणि शिष्याला मनसोक्त रागावत. तेवढ्या वेळापुरते त्यांचे पाय त्यांना परत मिळत असत.

उतार भिंतीला लागून आडवा होता आणि दोन हात गल्लीत आला होता. मालकाने तक्रार केली. लॉजच्या वेळी रेंगाळणारे आमचे पथक या वेळी कसे तत्पर! इथे खडूचा गोल नव्हता की चहा नव्हता.

"सगळा काढायचा. एक खडाही राहता कामा नये," साहेब म्हणाले.

"साहेब, आजोबांना घराबाहेर..." पैलवान बोलू लागला.

"तू घण मार. बाकीचं मी बघतो."

ताई कपडे पोहोचवायला गेली होती, घराला कुलूप होते. पैलवानाने मला उचलले. माझे डोके उडून गटारात पडावे, असे मला फार वाटत होते, पण लोहाराने पक्के बसवले होते. उतार फुटला. राडारोडा भरत होतो तोच शिष्य खुर्ची ढकलत आला. आजोबा दारापुढच्या खड्ड्याकडे पाहत राहिले.

"मी आता घरात कसा जाऊ?" त्यांनी विचारले.

"आजोबा, नियम सगळ्यांना सारखा असतो," साहेब म्हणाले.

आजोबांनी मान वर करून लॉजचे दोन्ही मजले पाहिले आणि मग साहेबांकडे पाहिले. साहेब फोनमध्ये बघू लागले. ताई धावत आली, तिने कुलूप काढले आणि पैलवानाने आजोबांना लहान मुलासारखे उचलून आत नेले. आजोबांनी तोंड फिरवून घेतले होते. त्या दिवसापासून ते बाहेर आले नाहीत. "रोज कोणाच्या कडेवर बसून जाऊ का?" एवढेच ते म्हणत.

आमची अवजारांची कोठी साहेबांच्या खोलीला लागून आहे, त्यामुळे ताई भेटायला आली तेव्हाचे सगळे बोलणे मी ऐकले.

"नवा उतार हवा असेल तर अर्ज करा. पण तुमच्यावर आधी कारवाई झालीय, वेळ लागेल," साहेब म्हणाले.

"आणि लॉजचे मजले?"

"त्यांनी नियमित करून घ्यायला अर्ज केला होता. मंजूर झाला."

"असा अर्ज करता येतो, हे मला नाही कोणी सांगितलं."

"तुम्ही विचारायचं ना!"

"विचारलं होतं. तुमच्याच खिडकीवर. म्हणाले, परवानगी लागत नाही."

साहेबांनी पुढची फाइल उघडली. मग ताई हळू आवाजात म्हणाली, "माझ्या घराच्या आतली जमीन फोडायला परवानगी लागते का?"

साहेब हसले. "घरात काय हवं ते करा हो!"

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पैलवान कोणालाही न विचारता मला कोठीतून घेऊन निघाला, तो थेट ताईच्या घरी. बाहेर वीतभरही जागा मिळत नाही, म्हणून ताईने घराच्या आतच उतार करायचे ठरवले होते. बाहेरची खोली ही तिची शिवणाची खोली. मशीन तिने स्वयंपाकघरात ओट्याला चिकटवून ठेवले होते, कापडांचे गठ्ठे खाटेखाली कोंबले होते. पैलवान उंबऱ्यापाशी उभा राहिला आणि त्याचा हात उठेना.

"ताई, ही खोली जाईल तुमची. गिऱ्हाइकं बसवाल कुठे?"

"ते मी बघते. तुम्ही मारा दादा," ती म्हणाली. उंबऱ्यावरचे पायपुसणे तिने स्वतःच उचलून बाजूला फेकले.

आम्ही उंबरा फोडला. फरशी उखडली, खालची माती उपसली आणि दारापासून आतपर्यंत जमीन तिरकी केली. काम करायला माणूस उभे राहील इतकीही सपाट जागा त्या खोलीत उरली नाही. सिमेंट वाळल्यावर आजोबा खुर्चीतून एकटेच गल्लीत उतरले आणि दुकानाच्या दिशेने गेले. दारात कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. ताई लगेच आत वळली, कारण शिवण तुंबले होते आणि ओट्याशेजारी हात नीट फिरत नव्हता.

मित्रांनो, मला तेल लावा, माझा गंज काढा, असे मी तुमच्याकडे मागणार नाही. तुमच्यातले कोणीतरी उद्या साहेब होणार आहे, त्याला मला एवढेच सांगायचे आहे. मला उचलण्याआधी मान वर करून दोन्हीकडे पाहा. दुबळ्याच्या दारावर जेवढा जोर लावाल, तेवढाच दांडग्याच्या स्लॅबवर लावा, आणि ते जमणार नसेल तर मला कोठीतच पडू द्या. कारण माझ्या उतारवयातले एकमेव चांगले काम मी त्या सुट्टीच्या दिवशी केले, आणि ते होते कोणताही गुन्हा न केलेल्या एका बाईचे घर फोडणे.