काकडीसुद्धा मोजली

माझी भाषा आकड्यांची. शब्द आज पहिल्यांदाच फुटताहेत, अडखळलो तर सांभाळून घ्या. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा. चपटा, पांढरा, दोन सेलांवर जगणारा. नागपुरात, मनीषनगरच्या एका फ्लॅटमध्ये, मिक्सरच्या शेजारी माझी सहा वर्षं गेली.

जन्म कुठल्या कारखान्यातला, ते माझ्या पोटाखाली चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं. तो कागद पहिल्याच पुसण्यात गेला. मला आणलं उत्तरानं. लेकीच्या, चिन्मयीच्या, पहिल्या वाढदिवसाला केक घरीच करायचा म्हणून. मैदा, साखर, लोणी. केक मधोमध बसला, तरी सगळ्यांनी मागून मागून खाल्ला. तेव्हा माझ्या आकड्याला कोणी भीत नव्हतं.

मग विहंग झाला. त्यानंतर उत्तराचे जुने कुर्ते खांद्याखाली उतरेनात. नवरा, श्रीधर, म्हणायचा, असू दे ना, कोण पाहून राहिलं? पण विहंगच्या उष्टावणाला श्रीधरच्याच मावशीनं भर पंगतीत विचारलं, "काय वं उत्तरा, अजून एक आहे का पोटात?" सगळे हसले. उत्तराही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर कॅलरी मोजायचं ॲप घेतलं.

त्यासोबत बायकांचा एक ग्रुपही आला. तिथल्या मॅडमचा नियम सोपा होता: पोळी, भात, तेल, तूप मोजा, फळं-भाज्या मोकळ्या. उत्तरानं तीन आठवडे तसंच केलं. वजन हललं नाही. मग ग्रुपातल्या कुणीतरी लिहिलं, की संत्र्यात काय साखर नसते? झालं. फळं माझ्यावर आली. मागोमाग भाज्या. शेवटी काकडीसुद्धा.

भांडी घासणारी प्रेमिला दोन दिवस गप्प राहून पाहत होती. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. "ताई, काकडी काहून मोजून राहिल्या? काकडी खाऊन जाडी झालेली बाई मले तं अजून दिसली नाही."

उत्तरा म्हणाली, सगळं मोजायचं म्हणजे सगळं.

"मंग पाणीबी मोजा," प्रेमिला म्हणाली आणि नळ सोडला.

सासूबाई, कौसल्याबाई, यांची तऱ्हा वेगळी. संध्याकाळी त्या संत्री सोलत. पांढऱ्या शिरा काढायच्या, बिया काढायच्या, आणि एकेक फोड ज्याच्या-त्याच्या हातावर ठेवायची. कोणी किती खाल्ल्या, हे त्या घरात कधी कोणी विचारलं नव्हतं. उत्तरा मात्र आता आपल्या फोडी वाटीत जमवून माझ्याकडे आणी. "हातावर दिलेलं मोजतात का गं?" सासूबाई एकदाच म्हणाल्या. नंतर तिच्या हातावर देणंच त्यांनी सोडलं.

खरं काय ते मला दिसत होतं. चिन्मयीच्या ताटात राहिलेली तूप लावलेली अर्धी पोळी, विहंगच्या वाटीतला चार घास वरणभात, टाकवत नाही म्हणून ओट्याशी उभ्याउभ्या उत्तराच्या तोंडात जाई. ते माझ्यावर कधी आलं नाही. लेकराचं उरलेलं आईनं खाल्लं तर त्याला खाणं म्हणतच नाहीत. आळ आला तो काकडीवर. मी सांगायला हवं होतं, असं आता वाटतं. पण जे माझ्यावर ठेवतच नाहीत, त्याबद्दल मी काय बोलणार?

आणि खोटं कशाला बोलू, मी तेव्हा फुशारलो होतो. कारण चिन्मयी. ती स्टुलावर चढून माझे आकडे मोठ्यानं वाचायची. "एकशे बेचाळीस!" तीन अंकी संख्या ती माझ्यावरच शिकली. उत्तरानं बहिणीला फोन करून कौतुकानं सांगितलं. पोर आकड्यांसोबत आणखी काय वाचून राहिली, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतून बोलावणं आलं. उत्तरा परत आली ती चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. सासूबाईंना सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. चिन्मयी डब्यातलं फळ रोज शेजारच्या मुलीला देऊन टाकते. तपासणीत तिचं वजन गेल्या वेळेपेक्षा दोन किलोनं कमी भरलं. बाईंनी विचारलं, खात का नाहीस? तर म्हणाली, "मोजलेलं नाही ना."

 

उत्तरानं माझे सेल काढले आणि मला वरच्या कपाटात इडलीपात्रामागे सारलं. मग एक पेरू कापला. चिन्मयीला जवळ बसवलं. "चिनू, आता आपल्या घरात काही मोजायचं नाही. खा."

कपाटाचं दार नीट लागत नाही. फटीतून मला सगळं दिसलं. चिन्मयीनं एक फोड उचलून तळहातावर ठेवली. हात हळूच खाली-वर केला. ओठ हलले. मग फोड दातानं अर्धी तोडली आणि उरलेली अर्धी बशीत परत ठेवली, कडेला, नीट.

"बास, आई. माझं झालं."



याला आता दोन महिने झाले. रोज तेच चालतं. काट्यानं खोटं बोलू नये म्हणतात. मी बोलेन. उत्तरा, मला एकदाच खाली काढ. सेल घाल, पोरीला स्टुलावर चढव, तिला हवं ते तिच्या हातानं माझ्यावर ठेवू दे. पेरू ठेवू दे, केळं ठेवू दे, अख्खं संत्रं ठेवू दे. मी शून्य दाखवीन. प्रत्येक वेळी शून्य.

पण उत्तराचा हात वर येतो तो इडलीपात्रासाठी. आणि चिन्मयीला काट्याची गरज उरलेली नाही. तिला तिचा तळहात पुरतो.