डाव्या अंगाची माती

ओबुराला मातीआड करून आठवडाही झाला नव्हता, तोच त्याचा धाकटा भाऊ ओडेक इस्टेटीचं बोलायला किसुमूहून आला.

"घर, जमीन, गुरं, सगळी इस्टेट आमच्या घराण्याची. वहिनी, तू आपली माहेरी जा."

"भावजी, माझ्या नवऱ्याची कबर या अंगणात आहे. मेले तरी इथून हलायची नाही मी!" अपोंडी फणकारली.

"मग तर प्रश्नच मिटला," ओडेक हसला आणि तिने वाढलेली उगाली-मासळी चाटूनपुसून खाऊन झोपायला गेला.

त्यांच्यात पुरुषाची कबर घराच्या उजव्या अंगाला खणतात आणि बायकोची डाव्या. ओबुरा उजवीकडे निजला होता.

पहाटे कुदळीच्या आवाजाने अपोंडीला जाग आली. दीर भावाच्या कबरीवर माती सारखी करत असेल, असं वाटून तिला मेलीला बरंही वाटलं. ती दारात आली. उजवीकडे कोणी नव्हतं. डावीकडे, कमरेएवढ्या खड्ड्यात, ओडेक उभा होता.

"उठलीस, वहिनी?" घाम पुसत तो गोडीत म्हणाला. "जरा इकडे ये बघू. लांबी पुरतेय का पाहू."