मान खाली घातलेली बाहुली

धाकट्या बहिणीचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. आता लपवून काय करायचं? शिवणसंस्थेत मी बावीस वर्षं शिकवतेय, ती सहा. तिला टाचणी कशी धरायची तेसुद्धा मीच शिकवलं. मुली मला मोठ्या बाई म्हणतात, तिला छोट्या बाई. आणि हल्ली शंका विचारायला सगळ्या छोट्या बाईंकडे धावतात.

यंदा संस्थेने आभासी वर्ग काढला. डोक्याला हेडसेट चढवला की आपण थेट एका मोठ्या दालनात उभे. आपल्या जागी एक बाहुली, तिच्या डोक्यावर नावाची पट्टी; हेडसेट हलेल तशी ती हलते. घराघरांतून आलेल्या विद्यार्थिनींच्या बाहुल्या समोर. आम्ही दोघींनी बाही बसवण्याचा एकेक धडा घ्यायचा, प्राचार्या दोन्ही बघणार आणि वर्ग एकीलाच देणार. तिचा धडा अकराला, माझा तीनला. जुन्या तुकड्या पुढच्या महिन्यात बंद, म्हणजे दुसरीने घरी बसायचं.

आठ दिवस मी तयारी करत होते. कापड उचलायला जावं तर हात आरपार जायचा. संस्थेच्या तंत्रज्ञाने शंभरदा बजावलं होतं, "बाहेर पडताना आधी दाराचं बटण दाबा, नुसता हेडसेट काढू नका." पण जन्मभर चष्मा वापरलेल्या बाईला डोळ्यांवरचं काढलं की काम संपलं असंच वाटतं.

धड्याच्या दिवशी सकाळी दहाला मी तिच्या दालनात डोकावले. शिक्षकांना सगळी दालनं उघडीच असतात, त्यामुळे ही काही चोरी नव्हे. बरं, चोरीच.

तिने खोलीएवढी बाही उभी केली होती. मुलींनी आत शिरायचं आणि शिवण आतून बघायची! बाही जिथे खांद्याला जोडतात त्या मुंढ्यावर पुढची खूण लाल दोऱ्याची, मागची निळ्याची. ही लाल-निळ्याची युक्ती माझी. तिने ती उचलली याचा राग कमीच आला. तिने ती माझ्यापेक्षा देखणी केली, याने मात्र माझा तिळपापड झाला.

तेवढ्यात शेजारी ठेवलेला मोबाइल वाजला. मी दचकून हेडसेट ओढून काढला आणि स्टुलावर टाकला. फोन तिचाच.

"ताई, फार भीती वाटतेय गं. माझ्या वर्गात येऊन नुसती उभी राहशील? तू दिसलीस की धीर येईल."

"मला कुठला वेळ? माझीच तयारी पडलीये."

"बरं," ती म्हणाली.

मी फणफणत स्वयंपाकघरात गेले आणि बारापर्यंत भांडी आपटत राहिले.

सव्वाबाराला पुन्हा तिचा फोन. आवाज रडवेला.

"नाही म्हणालीस तरी आलीस. मी आत शिरले तर तू आधीच हजर! इतकं बरं वाटलं. मुलींना सांगितलं, ही माझी ताई, हिनेच मला शिकवलं. पण तू जमिनीवर बसलेली, मान छातीला लावून. मी हाक मारली, दोनदा. तू वरसुद्धा बघितलं नाहीस."

मी खोलीत येऊन स्टुलाकडे पाहिलं. हेडसेट पालथा पडला होता आणि कडेचा हिरवा दिवा चालूच होता. दाराचं बटण दाबायचं राहिलं होतं. तासभर माझी बाहुली तिच्या वर्गात तशीच बसून होती.

"मला वाटलं, माझं इतकं वाईट चाललंय की ताईला बघवत नाहीये. मग बाहीची पुढची बाजू मागे लावली. प्राचार्यांसमोर! मुली हसल्या." ती नाक ओढत म्हणाली, "खरं सांग ताई, कुठून बिघडलं माझं?"

अगं, मी तिथे नव्हतेच. एवढंच सांगायचं होतं. पण मग दहाला तिच्या दालनात मी काय करत होते, तेही सांगावं लागलं असतं. आणि प्राचार्यांनी तिला धडा पुन्हा घेऊ दिला असता, त्या खोलीएवढ्या बाहीचा.

"सुरुवातीपासूनच," मी म्हणाले.

"तू म्हणतेस म्हणजे असणारच," ती म्हणाली. "तुझं तीनचं छान होऊ दे हं. मी येऊन उभी राहते, तुला धीर येईल."