अकरा कान

पुरात मेलेल्या गाईंची सरकारी मदत हवी असेल, तर बिल्ल्यासकट कान कापून आणायचा, असा नियम होता. मी गुरांचा डॉक्टर. कान मोजून दाखल्यावर सही करायचं काम माझं. माझे दाजी प्लास्टिकच्या पिशवीत अकरा कान घेऊन आले. मागे ताई उभी होती, खाली मान घालून. मी सही केली.

मदत मंजूर झाली. त्याच आठवड्यात लस टोचायला त्यांच्या गोठ्यात गेलो, तर अकराच्या अकरा गाई रवंथ करत उभ्या. प्रत्येकीला एकच कान. दुसऱ्याच्या जागी जखम, आणि जखमेत वळवळणाऱ्या अळ्या.

मी नाकाला रुमाल लावला. तो निर्लज्ज माणूस वर मलाच म्हणाला, "तोंड कशाला वाकडं करतोस? दूध काय कानातून येतं?"

मी चिमट्यानं अळ्या काढत बसलो. शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कान मोजले त्या दिवशी पिशवीच्या तळाशी रक्त साचलं होतं. मेलेल्या गाईचा कान कापला तर एवढं रक्त येत नाही, हे दाजींना माहीत नसेल. मला माहीत होतं.