भाडेकरू कामावर गेला आहे

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पाहणीचं पथक परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक ४३ मध्ये आलं. पुनर्विकासाआधीची ही शेवटची पाहणी. पथकातल्या पूर्वी नावाच्या मुलीने अंगठ्याचं यंत्र खाटेवर ठेवलं आणि विचारलं, "भाडेकरू हर्षवर्धन शामराव तांबे कोण?"

"कामावर गेलाय," मीराबाई म्हणाल्या.

हर्षवर्धन १९९४ च्या डिसेंबरात एका सोमवारी घरातून गेला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्यानंतर त्याला कोणी पाहिलेलं नाही.

त्याचा धाकटा भाऊ राकेश दारात उभा होता. वय एक्कावन्न, नोकरी भुसावळला. दरवर्षी महिनाभर तो आईला तिकडे नेई; स्वतः मात्र वडील वारल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनानंतर या खोलीत राहिला नव्हता. त्याला एकोणीस वर्षं झाली. शेजारच्या कुशाबाकाकांनी फोन केला, म्हणून तो आला होता.

"कधी येतील? मी सहापर्यंत आहे, आजी."

"त्याचं काही खरं नसतं. कधी ओव्हरटाइम लागतो."

"वहिनी, गिरणीचा भोंगा बंद होऊन जमाना झाला," कुशाबा गॅलरीतून म्हणाले. "कसला ओव्हरटाइम?"

"तुमचा बंद झाला असेल, भावजी."

पूर्वीने फाइल चाळली. गिरणी बसल्यावर शामरावांनी भाडेपावती थोरल्याच्या नावावर करून घेतली होती. आधीच्या दोन्ही पाहण्यांत एकच शेरा होता: भाडेकरू येथेच राहतो, सध्या कामावर. खाली मीराबाईंची सही. रेशनकार्डातही नाव होतं.

तिने राकेशला गॅलरीत बोलावलं. "काका, खरं काय ते सांगा. वारले असतील तर दाखला द्या. बेपत्ता असतील तर कोर्टातून मृत घोषित करून घ्यावं लागेल. आमच्या ऑफिसला त्यासाठी पोलीस तक्रार लागते. शुक्रवारी पाचपर्यंत तिची प्रत द्या, मी 'प्रकरण चालू' लिहिते. आजींना तात्पुरती खोली मिळेल. नाहीतर ही खोली वादात जाणार. चाळ रिकामी करताना आजी कुठे जाणार, ते मला सांगता येणार नाही."

"मग टेन्शन कसलं?" कुशाबा म्हणाले. "तक्रार हाच देऊन आला होता. शामराव अख्ख्या चाळीला सांगायचा, माझा राकेश पोलिसात जाऊन आला म्हणून. काय रे राक्या?"

"हो," राकेश म्हणाला.

तो गेला होता, एवढं खरं. दोन तास बाकावर बसला. मग हवालदाराने फोटो मागितला. जवळ फोटो नव्हता, घरी होता तोही एका लग्नातला, आठ जणांचा. घेऊन ये, हवालदार म्हणाला. याआधी एकदा हर्षवर्धन वडिलांशी भांडून चार दिवस शिवडीला मित्राकडे राहिला होता. संध्याकाळपर्यंत येईल, असं राकेशला वाटलं. घरी आल्यावर आईने विचारलं, "लिहून घेतलं का त्यांनी?" तो म्हणाला, "घेतलं." दुसऱ्या दिवशी ते खोटं होतं, असं सांगता आलं असतं. आठव्या दिवशी सांगता येईना. पुढच्या वर्षी त्याने भुसावळची नोकरी धरली.

बुधवारी दहा वाजता तो पोलीस ठाण्यात गेला. अधिकारी तरुण होता, बोलायला नीट. त्याने १९९४ ची नोंदवही काढायला लावली. डिसेंबरची पानं शाबूत होती. सोळा बेपत्ता, त्यांत तांबे नव्हते. राकेशने जानेवारीही बघायला लावला, मग फेब्रुवारी.

"तक्रार कोणी दिलेली?"

"मी."

"मग पोच असेल ना तुमच्याकडे?"

अधिकाऱ्याने वही मिटली. "आता द्या. उशिराचं कारण लिहा. शेवटचं कोणी पाहिलं?"

"आईने."

"मग आईंचा जबाब लागेल. तो झाला की नोंदीची प्रत मिळेल. बाईमाणूस पाठवतो."

गुरुवारी सकाळी चहा झाल्यावर त्याने आईला सांगितलं. भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींखाली शामरावांचा हार घातलेला फोटो होता. त्याच्या बाजूला हर्षवर्धनचा, त्याच लग्नातल्या फोटोतून मोठा करून घेतलेला. त्याला हार नव्हता. कडेला राकेशचा अर्धा खांदा आला होता.

मीराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कप विसळून पालथा घातला.

"म्हणजे पोलिसात त्याचं नावच नाही?"

"नाही, आई. माझी चूक झाली."

"मग बरंच झालं," त्या म्हणाल्या. "कागदावर तो कधी हरवलाच नाही."

"आई, जबाबावर सही नाही केलीस तर खोली जाईल. नाहीतर भुसावळला चल कायमची."

"आणि तो आला म्हणजे? कुलूप बघून जाऊ दे परत?"

"आता तो पंचावन्नचा असेल."

"मला शिकवतोस? मी जन्म दिलाय."

कुशाबा दुपारी येऊन तासभर बोलले. शेवटी मीराबाईंनी त्यांनाच विचारलं, "भावजी, तुमच्या पोराचं पुण्यानुमोदन तो दिसला नाही म्हणून कराल?" कुशाबा उठून गेले.

शुक्रवारी दोन वाजता रश्मी नावाची महिला शिपाई जबाब घ्यायला आली. राकेशने फोटो भिंतीवरून काढून टेबलावर ठेवला होता. मीराबाईंनी तो उचलून पुन्हा खिळ्याला लावला.

"आजी, मुलगा कधीपासून बेपत्ता आहे?"

"बेपत्ता कोण? कामावर गेलाय."

"केव्हा गेले?"

"सोमवारी."

रश्मीने राकेशकडे पाहिलं. "घरचेच नाही म्हणतात, तर मी काय लिहू, साहेब?" तिने डायरी बंद केली. राकेशने दिलेला तक्रारीचा अर्ज ठाण्यात 'जबाब प्रलंबित' म्हणून पडून आहे.

ठरल्याप्रमाणे पाचला पूर्वी आली. राकेशकडे द्यायला कागद नव्हता. ती वीस मिनिटं थांबली, दोनदा वरिष्ठांना फोन लावून पाहिला, लागला नाही. मग यंत्र पिशवीत घातलं आणि खोली क्रमांक ४३ च्या रकान्यात लिहिलं: भाडेकरू अनुपस्थित, कामावर. मीराबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि सही केली.

राकेशची रजा रविवारपर्यंत आहे. चाळ रिकामी करण्याची तारीख अजून लागलेली नाही.